घराचं वजन

१

माझा धंदा काटे तपासण्याचा. दुकानातले तराजू, औषधवाल्यांचे नाजूक काटे, गोदामातले वजनकाटे, मालाने भरलेले ट्रक ज्यांच्यावर उभे राहतात ते जमिनीत बसवलेले मोठे काटे, सगळं आमच्या खात्याकडे. मी जातो, माझ्याजवळची प्रमाणित वजनं ठेवतो आणि काटा खरं बोलतो की नाही ते बघतो. बोलत असेल तर शिक्का, नसेल तर लाल चिठ्ठी. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव बिघडतो. कुणी 'साधारण पाच किलो असेल' असं म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. बायको म्हणते, आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात, मागची तसबीर तिरकी आहे म्हणून तिच्याकडे बघताय. खरं आहे. तसबीर तिरकीच होती.

बायको पुस्तकं लिहिते. मी तिला लेखिकाबाई म्हणतो, ती मला काटेवाले म्हणते, आणि मूलबाळ नसलेल्या घरात दोन माणसांना एवढी नावं पुरतात. तिची आठही पुस्तकं एकाच दुनियेत घडतात, तिने स्वतः रचलेल्या. पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित तिने मला वाचायला दिलं, तेव्हा त्यात पाऊस जमिनीतून वर आभाळाकडे पडत होता. मी विचारलं, "मग विहिरीत पाणी कुठून येतं?" ती म्हणाली, "अहो, काल्पनिक दुनिया आहे ती." मी म्हणालो, "असू दे. काल्पनिक माणसांना तहान लागतेच ना?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एक निळी फाईल माझ्यापुढे आपटून म्हणाली, "घ्या. आजपासून निसर्ग तुमच्याकडे."

तेव्हापासून त्या दुनियेचे नियम आम्ही दोघं मिळून करतो. प्रत्येक नियमाला फाईलमध्ये तीन ओळी. काय घडतं, कुणाला घडतं आणि कुठे थांबतं. तिसरी ओळ माझी. प्रत्येक काट्यावर त्याने जास्तीत जास्त किती तोलायचं ते कोरलेलं असतं. ते नसेल तर काटा कितीही चांगला असला तरी मी त्याला शिक्का देत नाही. नियमाचंही तसंच. धुक्याला वजन असतं आणि ते रोज सकाळी दारातून झाडून काढावं लागतं, हा आमचा अकरावा नियम. पण गुडघ्याच्या वर साचलं की ते आपोआप विरतं. हरवलेली वस्तू शोधणं थांबवल्याशिवाय सापडत नाही, हा तेविसावा. पण माझ्या आग्रहावरून चष्म्याला तो लागू नाही.

नियम पुस्तकात जाण्याआधी एक रविवार आम्ही तो घरात पाळून बघायचो. तेविसाव्याच्या रविवारी दिवसभर काहीही शोधायचं नाही असं ठरलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत दोघं अनवाणी, बिनचहाचे आणि प्रचंड चिडलेले होतो. पण त्यामुळे नियमातली भोकं कळायची. मग दोघांच्या सह्या. आणि एकदा छापला गेला की नियम मागे घ्यायचा नाही. त्याच्या शेजारी काय वाटेल ते लिहा, पण छापलेलं खोडायचं नाही, कारण वाचकाने त्यावर विश्वास ठेवलेला असतो. ही अट तिची, आणि मला ती मनापासून पटली होती.

२

एक्केचाळिसावा नियम मी घरात नसताना झाला.

गेल्या वर्षी मी आठवडाभर दौऱ्यावर होतो. ट्रकांचे नऊ काटे, रोज वेगळं गाव, आणि परत आलो तो तापाने फणफणून. छापखान्याचा माणूस दारात उभा होता. लेखिकाबाईंनी फाईल पुढे धरली, पेन हातात दिलं, आणि मी सही ठोकली. काय वाचलं, काही नाही. दुकानदाराने असा काटा पुढे केला असता तर मी त्याची सालटी काढली असती.

नियम वाचला तो पुस्तक हातात आल्यावर. 'घर सोडून जाणाऱ्या माणसाचं वजन त्याच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंमध्ये वाटलं जातं. घराचं एकूण वजन बदलत नाही.' दुसरी ओळ, 'सर्वांना लागू.' तिसरी ओळ कोरी. पुस्तकात एक म्हातारी आहे. तिच्या मुलाला सक्तीने सैन्यात ओढून नेतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खोलीचं दार तिला ढकलवत नाही. वाचकांनी त्या प्रकरणावर पत्रांचा पाऊस पाडला. मी मात्र फाईल उघडून त्या कोऱ्या ओळीकडे बघत बसलो होतो.

"कुठे थांबतं हे?" मी विचारलं.

"बघू हो कधीतरी," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या 'बघू'चा अर्थ मला एरवी नेमका कळतो. त्या दिवशी कळला नाही, आणि मीही विषय वाढवला नाही.

हा नियम आम्ही रविवारी पाळून बघितलेला नव्हता. पाळणार तरी कसा?

३

चार महिन्यांपूर्वी तिच्या पोटाचं दुखणं निघालं. आधी गोळ्या, मग तपासण्या, मग इस्पितळ. जायच्या दिवशी सकाळी तिला मी घरातल्या माझ्या काट्यावर उभी केली. बावन्न किलो, वर शून्य ग्रॅम. "शिक्का मारा आता," ती म्हणाली आणि बॅग उचलून निघाली.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला राहू देत नाहीत. त्यामुळे तिची धाकटी बहीण तिच्याजवळ राहायची आणि तिथूनच सकाळी आपल्या शाळेत शिकवायला जायची. मी रोज चार ते सहा. उरलेला वेळ ऑफिस आणि घर.

पहिल्यांदा लक्षात आलं ते घड्याळ. भिंतीवरचं चावीचं घड्याळ, दर रविवारी स्टुलावर चढून ती चावी द्यायची. आता मी देत होतो. ते पुढेही जात नव्हतं आणि मागेही पडत नव्हतं, पण माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं तेव्हा कळलं की तासाचा पहिला अर्धा भाग ते घाईने उरकतंय आणि दुसरा अर्धा रखडत. मिनिटकाटा खाली येताना घरंगळल्यासारखा यायचा आणि वर चढताना अडखळायचा. मी म्हटलं, तेल संपलं असेल. तेल घातलं. काही फरक नाही.

मग पडदे. ते तिने स्वतः शिवलेले आहेत, पातळ कापडाचे. पंखा लावला की खोलीभर उडायचे आणि मी वैतागायचो. एका संध्याकाळी पंख्याखाली बसलो असताना खोली फार शांत वाटली. पंखा जोरात फिरत होता. टेबलावरचा माझा पेपर फडफडत होता. पडदे सरळ खाली लोंबत होते, ओले केल्यासारखे. हात लावून बघितला, कोरडे होते.

मी काही घाबरलो नाही. एकट्या माणसाला घर वेगळं वाटतंच, असं स्वतःला समजावलं. धूळ बसली असेल म्हणून पडदे झटकले, तर खांदा दुखला.

तिच्या लिहायच्या टेबलावर कागदांवर ठेवायला एक जुनं पितळी वजन असतं. एक किलोचं, पण झिजलेलं. नऊशे नव्याण्णव ग्रॅम आणि वर दोन दशांश, म्हणून तर खात्याने ते बाद केलं आणि मी तिला आणून दिलं. टेबल पुसायला ते उचललं आणि हात थबकला. तीस वर्षं वजनं उचलणाऱ्या हाताला समजूत घालता येत नाही. मी ते काट्यावर ठेवलं. एक हजार अकरा.

पितळ झिजतं. घासून, हाताळून, वर्षांनुवर्षं कमी होत जातं. वाढत नाही. मी ते पुसलं, खिडकी बंद केली, पंखा बंद केला, काटा समपातळीत आहे ना, ते पाणसळ लावून बघितलं. एक हजार अकरा. मग ऑफिसला घेऊन गेलो आणि आमच्या सगळ्यांत विश्वासू काट्यावर ठेवलं. नऊशे नव्याण्णव, दोन दशांश. संध्याकाळी घरी आणलं, दाराच्या आत पाऊल टाकलं, आणि खांद्याला अडकवलेली पिशवी किंचित खाली ओढली गेली.

४

रविवारी मी सगळं घर तोललं.

कारण साधं होतं. काट्यात खोट असेल तर ती सगळ्या वस्तूंना सारखी दिसली पाहिजे. म्हणून मी काटा दोन जागी लावायचं ठरवलं, एकदा दाराच्या आत आणि एकदा बाहेर जिन्याच्या चौकात. प्रत्येक वस्तू आत तोलायची, बाहेर नेऊन तोलायची, फरक लिहायचा. सकाळी सातला सुरुवात केली. पातेली, कप, उशा, तिची चप्पल, शिवणाचा डबा, शब्दकोश. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर दारात खुर्ची टाकून बसले होते.

"घर सोडताय की काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, मोजदाद चाललीये."

"बायको नाही तर माणूस काय काय करतो," ते म्हणाले आणि दिवसभर बसून राहिले.

माझी छत्री आत आणि बाहेर सारखीच भरली. माझी हत्यारांची पेटी, माझे बूट, दाढीचं सामान, सगळं सारखं. कोऱ्या करकरीत नव्या बादलीतही फरक नाही. पण तिचा कंगवा आत पाच ग्रॅम जास्त होता. तिचं चहाचं भांडं शहाऐंशी ग्रॅम जास्त. शब्दकोश तब्बल एकशे चाळीस. जे तिने रोज जास्त हाताळलं, ते जास्त जड. दुपारी तीनच्या सुमाराला मी जिन्यात पायरीवर बसलो. मला त्या घरात परत पाऊल टाकायचं नव्हतं. पण तिचं घरी राहिलेलं मनगटी घड्याळ अजून तोलायचं होतं, म्हणून गेलो.

संध्याकाळी बेरीज केली. तीन किलो चारशे ग्रॅम.

मी लगेच धाकटीला फोन लावला. "आज वजन केलं का तिचं?"

"केलं की, भाऊजी. अठ्ठेचाळीस आठशे. कमी होतंय जरा. डॉक्टर म्हणाले, औषधांनी होतं तसं."

बावन्नातून अठ्ठेचाळीस आठशे. तीन किलो दोनशे. चारशे नाही, दोनशे. दोनशे ग्रॅमचा फरक म्हणजे माझ्या धंद्यात लाल चिठ्ठी. आकडे जुळत नाहीत म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मला एवढा आनंद झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. घराचं काहीतरी वेगळंच असेल, हवेचा दाब असेल, जमीन खचत असेल, काही का असेना. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

५

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो तेव्हा ती झोपली होती. वजनाचा काटा कोपऱ्यात उभा होता. पाय जमिनीला नीट टेकलेले नव्हते हे मला लांबूनच दिसलं. सवयीने मी गुडघ्यावर बसलो, बॅगेतून वजनं काढली आणि तपासायला लागलो.

"अहो काका, हे काय चाललंय?" नर्सबाईंनी विचारलं.

"काटा बघतोय. किती दिवसांत तपासला नाहीत?"

"आमच्याकडे माणसं तपासायला वेळ नाही, काटे कुठले तपासणार." पण त्या बघत उभ्या राहिल्या.

मी एकामागून एक वजनं चढवली आणि काटा काय सांगतो ते बघितलं. मग पुन्हा चढवली. काटा प्रत्येक वेळी दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता.

म्हणजे ती अठ्ठेचाळीस सहाशे होती. म्हणजे तीन किलो चारशे.

"बिघडलाय का हो?" नर्सबाई म्हणाल्या. मी मान हलवली आणि काटा दुरुस्त केला. दुसरं काय करणार होतो? माझे हात आपोआप काम करत होते. उठून वळलो तेव्हा ती जागी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"इथेही काटाच," ती म्हणाली. "बायको पलंगावर आणि नवरा काट्याच्या पायाशी."

मी तिच्याजवळ बसलो. तिचं मनगट हातात घेतलं. आणि मग, बोलायचं नाही असं घरून ठरवून आलेलं सगळं, घड्याळ, पडदे, पितळी वजन, जिन्यातला काटा, सगळं सांगून टाकलं. ती एकदाही हसली नाही. वेड लागलंय का असंही म्हणाली नाही. लेखक माणसाचं काय असतं कोण जाणे, तिचे डोळे मध्येच लखलखले.

"शब्दकोश किती म्हणालात?"

"एकशे चाळीस."

"आणि पेन?"

"चार ग्रॅम. तू मला एवढंच सांग. तिसरी ओळ का लिहिली नाहीस?"

"तुम्ही दौऱ्यावर होता ना, त्या आठवड्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा शंका बोलून दाखवली. नुसती शंका हो. तुम्हाला फोनवर काय सांगायचं? मग बसून तो नियम लिहिला. म्हटलं, मी गेले तरी सगळीच जाणार नाही, तुमच्याजवळ काहीतरी वजनदार राहील. आणि तिसरी ओळ तुमची असते. तुम्ही आलात की विचाराल, हे कुठे थांबतं, मग मी सगळं सांगेन, असं ठरवलं होतं."

"मी विचारलं होतं."

"पुस्तक आल्यावर. तोवर माझा धीर संपला होता. आधी तुम्ही न बघता सही केलीत."

मला तिथेच रडू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडत हिंडलो, आणि माझ्यासाठी मोकळी सोडलेली एकुलती एक ओळ मला दिसली नाही. नर्सबाईंनी पडदा ओढून घेतला. तो पडदा पंख्याने छान उडत होता.

६

मी तिला घरी आणली. डॉक्टर नाखूश होते. पण पुढच्या औषधाला तीन आठवडे अवकाश होता आणि मी हट्टाला पेटलो होतो. नियमात लिहिलं होतं, घर सोडून जाणारा माणूस. मग तो घरी परत आला तर सगळं जागच्या जागी यायला हवं, असं माझं गणित होतं. टॅक्सीत मी जवळजवळ आनंदात होतो.

दारातून आत आल्यावर तिने नेहमीप्रमाणे चप्पल काढली आणि बाजूला सरकवायला गेली. चप्पल हलली नाही. पायाचा अंगठा लावून ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी वाकून चप्पल सरकवली.

दोन दिवसांत सगळं कळलं. ती घरात होती, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत होती, माझ्याशी बोलत होती, आणि वस्तू हलक्या होत नव्हत्या. उलट पितळी वजन एक हजार चौदा झालं होतं. काट्यावर उभी केली तर ती सत्तेचाळीस दोनशे. तिच्या स्वतःच्या कपाने तिला चहा पिता येत नव्हता, मी माझ्या कपाने पाजायचो. तिच्या शालीखाली तिला श्वास लागायचा. पेनाने चार ओळी लिहिल्या की हात खाली यायचा. स्वतःच्याच वजनाखाली ती दबत होती, आणि घर मात्र दिवसेंदिवस भक्कम होत होतं. दुपारी सामसूम झाली की फरशीखालून बारीक कुरकुर ऐकू यायची. जड माणसाने अंथरुणात कूस बदलावी तसा आवाज.

"फाईल आणा," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली.

मी म्हटलं, नियमच काढून टाकू. ती म्हणाली, छापलाय. मी म्हटलं, मग मर्यादा लिहू, 'स्वखुशीने जाणाऱ्यालाच लागू.' तू काही स्वखुशीने चाललेली नाहीस.

"म्हातारीचा मुलगाही स्वखुशीने गेला नव्हता हो. आणि त्याच्या खोलीचं दार जड झालेलं हजारो लोकांनी वाचलंय." ती हसली. "तुमचं पेन द्या. माझं नको."

तिने सावकाश लिहिलं आणि फाईल माझ्याकडे वळवली. 'मर्यादा : मागे राहणाऱ्याला पेलवेल इतकंच.'

या वेळी मी तीनदा वाचलं. मग सही केली.

७

पळवाट मला रात्री सापडली. मागे राहणाऱ्याला पेलवेल इतकंच. मागे राहणारा मी. मला पेलवलंच नाही तर? घराला पुढे काही घेता येणार नाही, आणि जे घेता येणार नाही ते तिच्यापाशीच राहील. काटा कसा फसवायचा हे मला चांगलं ठाऊक होतं, मी आयुष्यभर फसवणारेच पकडले होते.

सकाळपासून नाटक सुरू केलं. चहाचं भांडं दोन्ही हातांनी धरायचं, कण्हायचं, परत खाली ठेवायचं. "नाही बुवा पेलवत," असं मोठ्याने म्हणायचं, भिंतींना ऐकू जाईल असं. शब्दकोशाला हातच लावायचा नाही. पडदे ओढायचे नाहीत. धाकटी सकाळ-संध्याकाळ येऊन कामं करायची आणि माझ्याकडे संशयाने बघायची. "भाऊजी, पाठ धरलीये का? तेल लावून देऊ का कुणाकडून?"

आणि नाटक चाललं. पितळी वजन एक हजार चौदावर थांबलं. ती सत्तेचाळीस दोनशेवर थांबली. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. नवव्या दिवशी तिने अर्धी वाटी सूप जास्त घेतलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पंचा धरून हसलो. एकच गोष्ट मला खटकत होती. मी भांड्याशी धडपडायचो तेव्हा घर गप्प व्हायचं. फरशीखालची कुरकुर थांबायची, घड्याळाची टिकटिक मंदावायची. कुणीतरी लक्ष देऊन बघतंय असं वाटायचं, जसा मी दुकानदाराच्या हाताकडे बघतो. मी मान वर करायचो नाही.

दहाव्या दिवशी दुपारी दोनला ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती. जाड उशीवर बसलेली, उन्हात. एकदम तिचा चेहरा पांढरा पडला.

"मला पलंगावर न्या हो."

"पाचला धाकटी येईल."

"पाचपर्यंत नाही बसवणार मला. पाय गेल्यासारखे झालेत. उचला."

"मला पेलवायची नाहीस तू."

तिने माझ्याकडे बघितलं. ट्रकमधून वीस-वीस किलोची वजनं दोन्ही हातांत घेऊन उतरणारा नवरा तिने आयुष्यभर पाहिला होता.

"अच्छा," ती हळूच म्हणाली. "म्हणून नऊ दिवस त्या भांड्याशी कुस्ती चाललीये होय."

खोलीत काहीच वाजत नव्हतं. घड्याळही नाही.

"तुमची युक्ती चांगली आहे," ती म्हणाली. "मला सुचली नसती. पण अहो, दुखतंय. फार दुखतंय."

त्यापुढे कसला नियम आणि कसली पळवाट? मी वाकलो, एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला उचलली. जराही कण्हलो नाही. तिने माझ्या मानेभोवती हात टाकले. सत्तेचाळीस, माझ्या हातांनी सांगितलं, काट्याची गरज नव्हती.

वळताना माझी नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. खुर्ची रिकामी होती. उशीत तिच्या बसण्याचा खळगा होता आणि तो भरून येत नव्हता. मी बघत राहिलो. ऊन त्यावर सरळ पडलं होतं, त्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. खळगा आणखी खोल गेला. उशीच्या कडा वर आल्या. खुर्चीचे पाय कुरकुरले, कुणी नीट टेकून बसावं तसे.

आणि माझ्या हातांना कळलं. सेहेचाळीस. पंचेचाळीसला थोडं कमी.

"किती भरले?" तिने माझ्या गळ्याशी विचारलं.

"बावन्न," मी म्हणालो.

ती हसल्याचं मला मानेवर जाणवलं. पलंग चार पावलांवर होता. चादर तिची, उशी तिची, तिच्या हाताने रोज घातलेली. माझ्या हातांवर होती तोवर निदान ती माझ्या हातांवर होती.

"ठेवा ना आता," ती म्हणाली. "दमाल."

"ठेवतो," मी म्हणालो, आणि तिला आणखी घट्ट धरलं.